शेवटच्या नळाचें पाणी

(नगरपालिकेच्या हद्दींत नव्यानें सामील झालेल्या एका गांवीं, चावडीपुढें भरलेल्या सभेंत तेथील मराठी शाळेच्या मास्तरांनीं केलेलें भाषण.)



आजच्या सभेस बायका पुरुषांहून अधिक जमल्या आहेत हें योग्यच झालें. घरांत पाणी भरणारे हात त्यांचे, आणि पोराला हगवण लागली कीं रात्र जागून काढणारे डोळेहि त्यांचेच. पुरुषमंडळी मागें भिंतीला टेकून तंबाखू मळीत बसली आहे, तिनें जरा पुढें सरकावें. कारण घरपट्टीसोबत पाणीपट्टीचे पैसे मोजणारे तुम्ही, आणि त्या पैशांत आपल्याला नेमकें काय मिळतें हाच आजचा विषय आहे.

आपलें गांव नगरपालिकेंत गेलें आणि दारांत नळ आला. डोईवरचा हंडा उतरला, ही गोष्ट लहान नाहीं. नळाची निंदा करावयास आम्ही उभे राहिलों नाहीं. परंतु नळ आला म्हणजे पाणी तपासूनच आलें असें धरून आपण जे स्वस्थ झालों आहों, तें कोणाच्या भरंवशावर? विहीर होती तेव्हां तिच्यांत पाला पडला कीं कुत्रें पडलें तें वाकून पाहतां येत होतें. नळांत वाकून पाहतां येत नाहीं. तेथें दुसऱ्याच्या डोळ्यांवर आणि दुसऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवावा लागतो. ती वही कशी असते आणि ती खोटी निघाली तर काय होतें, हें समजण्यासाठीं आम्ही तुम्हांस दूरदेशींच्या एका गांवची हकीकत सांगणार आहों. ती कल्पित नाहीं. तिची सरकारी चौकशी होऊन अहवाल छापलेला आहे.

कॅनडा देशाच्या ऑन्टारिओ प्रांतांत वॉकरटन नांवाचें गांव आहे. वस्ती तेव्हां पांच हजारांच्या आंतली. भोंवतालीं शेतें, गुरांचे गोठे. म्हणजे आपल्यासारखेंच कुणबाऊ गांव, फरक इतकाच कीं तें श्रीमंत देशांतलें. गांवाला विहिरींचें पाणी नळानें मिळे. त्यांतली पांच नंबरची विहीर उथळ होती आणि तिच्या शेजारींच एका शेतकऱ्याचें रान होतें. इ. स. २००० च्या मे महिन्यांत, ८ तारखेपासून १२ तारखेपर्यंत, तेथें धो धो पाऊस झाला. रानांत टाकलेल्या शेणखतांतील जंतू त्या पावसाच्या पाण्याबरोबर जमिनींत मुरले आणि उथळ विहिरींत उतरले. तेथून पंपानें टाकींत, टाकींतून नळांत, आणि नळांतून पोरांच्या पेल्यांत.

येथें एक गोष्ट शेतकऱ्यांनीं कान देऊन ऐकावी. त्या शेतकऱ्यावर चौकशींत ठपका आला नाहीं. त्यानें खत रीतीप्रमाणें टाकलें होतें. शेतांत शेण टाकणें हा कांहीं गुन्हा नव्हे. ती विहीर धोक्याच्या जागीं आहे हें अंमलदारांच्या कागदांत १९७८ पासून नमूद होतें, आणि कागद कपाटांत होते. गांवांत कांहीं बिघडलें कीं प्रथम शेतकऱ्याच्या गोठ्याकडे आणि गरिबाच्या वस्तीकडे बोट दाखवावयाची जगाची रीत आहे. म्हणून हें सांगितलें.

आतां त्या पाणीखात्याचा कारभार ऐका. दोन सख्खे भाऊ तो पाहत. एक व्यवस्थापक, दुसरा त्याच्या हाताखालचा मुकादम. पाण्याचें शास्त्र कोणी त्यांना शिकविलेलें नव्हतें. पुष्कळ वर्षें नोकरी झाली म्हणून परीक्षा न घेतांच त्यांना परवाना मिळालेला होता. विहिरीच्या पाण्यांत क्लोरीन घालावें, थोड्या वेळानें त्यांतलें किती उरलें तें रोज मोजावें आणि वहींत लिहावें, असा नियम. ते मोजीत नसत. वहींत मात्र रोज आंकडा पडे; बहुधा ०.५ नाहींतर ०.७५. प्रयोगशाळेकडे नमुने पाठवायचे ते गांवांतल्या निरनिराळ्या नळांचे व विहिरींचे. हे भाऊ आपल्या कारखान्यांतल्याच नळावर बाटल्या भरीत आणि त्यांवर दुसऱ्या जागांच्या चिठ्ठ्या चिकटवीत. ते दुष्ट होते असें मात्र समजूं नका. तें पाणी ते स्वतःहि पीत. आपलें पाणी मुळांतच गोड, त्याला कशाला हवें औषध, लोकहि वासाची तक्रार करतात, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत किती ओळखीची आहे पहा! आपल्याकडेहि औषधाचा वास आला कीं आपणच वॉटरमनला शिव्या देतों, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशीं चिमूटभर कमी टाकतो.

१७ मे रोजीं प्रयोगशाळेनें कळविलें कीं पाण्यांत ई. कोलाय जंतू सांपडले. तो कागद व्यवस्थापकाच्या हातीं पडला आणि तेथेंच राहिला. दोन दिवसांत गांवांत पोरेंबाळें रक्ताची हगवण होऊन पडूं लागलीं. आरोग्यखात्याच्या लोकांनीं विचारलें, पाण्यांत कांहीं दोष आहे काय? उत्तर मिळालें, पाणी ठीक आहे. शेवटीं २१ मे रोजीं आरोग्यखात्यानें कोणाची वाट न पाहतां आपल्या अखत्यारांत दवंडी दिली कीं पाणी उकळल्याविना पिऊं नका. तोंवर उशीर झाला होता. सुमारें २,३०० माणसें आजारी पडलीं, सात दगावलीं. जीं वांचलीं त्यांतल्या कांहींचीं मूत्रपिंडें कायमचीं दुखावलीं.

न्यायमूर्ती ओकॉनर यांनीं चौकशी करून २००२ सालीं अहवाल दिला. पुढें २००४ सालीं दोघां भावांनीं न्यायासनापुढें गुन्हा कबूल केला. थोरल्याला वर्षाची कैद झाली, धाकट्याला नऊ महिने घरांत स्थानबद्ध केलें. परंतु चौकशी त्यांच्यापाशीं थांबली नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. प्रांताच्या सरकारनें १९९६ सालीं पाणी तपासण्याच्या आपल्या सरकारी प्रयोगशाळा बंद करून तें काम खासगी प्रयोगशाळांकडे सोंपविलें होतें. आणि पाण्यांत दोष सांपडला तर प्रयोगशाळेनें आरोग्यखात्याला कळविलेंच पाहिजे असा सक्तीचा कायदा मात्र केला नव्हता. त्या पांच नंबरच्या विहिरीवर उरलेलें क्लोरीन सतत मोजणारें यंत्र असतें तर ही साथ टळली असती, असें अहवालांत स्पष्ट म्हटलें आहे. यंत्राचे पैसे वांचले आणि माणसें गेलीं. खालच्या नोकराला चोर ठरविणें सोपें असतें. त्याला न शिकवतां कामावर नेमणारा आणि त्याची वही वर्षानुवर्षें न तपासतां सही करणारा वरचा मात्र सभ्य गृहस्थ म्हणून मोकळा राहतो.

तुम्ही म्हणाल, मास्तर, ही तिकडची गोष्ट, इकडे काय? इकडे आम्हीं एका ठिकाणची टाकीवरची वही पाहिली आहे. ठिकाणाचें नांव घेत नाहीं. तीन महिने रोज एकच आंकडा, एकाच शाईनें, एकाच वळणानें. सुटींतला अभ्यास शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीं एका बैठकींत उरकणाऱ्या पोरांच्या वह्या आम्ही वीस वर्षें तपाशीत आलों आहों. अशी वही हातांत घेतल्याबरोबर ओळखतां येते. पाऊस पडो, ऊन पडो, धरण भरो, गाळ येवो, पाण्याचा आंकडा हलत नाहीं, असें खरें पाणी पृथ्वीवर नाहीं.

हा आंकडा म्हणजे काय तें आतां समजून घ्या. तें कळलें म्हणजे निम्मी तपासणी तुमच्या हातीं आली.

पाण्यांत घालतात ती पांढरी पावडर, जिला आपण टी. सी. एल. म्हणतों, ती ताजी असतांना तिच्यांत सुमारें एक तृतीयांश क्लोरीन असतें. गोणीचें तोंड उघडें राहिलें, ओल लागली, ऊन लागलें, कीं तें उडून जातें आणि राहतो तो निव्वळ चुना. हजार लिटर पाण्यास पांच ग्रॅम ताजी पावडर, हें साधारण माप. म्हणजे ५०,००० लिटरांच्या टाकीला पाव किलो. पण पावडर किती टाकली ह्यावर पाणी शुद्ध ठरत नाहीं. पाण्यांत जितकी घाण, जितका गाळ, तितकें क्लोरीन तीच खाऊन टाकते. शेतकऱ्याला हें सांगायला नको. मळणी झाली, खळ्यावर रास पडली, म्हणजे घर भरलें असें होतें काय? सावकार, दुकानदार, खतवाला आपापलें मापून नेतात, आणि घरांत येते ती शिल्लक. पाण्यांतहि सगळा खेळ शिल्लकेचा आहे. घाणीचें देणें भागवून जें क्लोरीन मागें उरतें तेंच पुढें वाटेंत भेटणाऱ्या जंतूला मारतें. पावडर टाकून अर्धा तास गेल्यावर शिल्लक आहे, तर पाण्याला राखणदार आहे. शिल्लक शून्य, तर पावडर टाकली काय आणि न टाकली काय! वॉकरटनला झालें तें हेंच. क्लोरीन थोडें घालीत होते. शेणाच्या पाण्यानें तें सगळें खाल्लें आणि शिल्लक कोणी पाहिली नाहीं.

आपल्या देशाचें पिण्याच्या पाण्याचें जें मानक आहे, भारतीय मानक १०५००, सन २०१२ चें, त्यांत नळाच्या पाण्यांत ही शिल्लक लिटरांत निदान ०.२ मिलिग्रॅम असावी असें ठरविलेलें आहे. ई. कोलाय हा विष्ठेंतला जंतू तर १०० मिलिलिटर पाण्यांत एकहि असतां कामा नये.

ही शिल्लक कोठें मोजायची? टाकीपाशीं? टाकीपाशीं ती असणारच; पावडर तेथेंच पडते. पाटाच्या तोंडाशीं ज्याचें शेत त्याला पाण्याची ददात कधींच नसते. पाण्याची खरी गोष्ट विचारावी ती शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला. आपली म्हण आहे, आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार. नळाच्या बाबतींत ती उलटी करावी लागते : आडांत चांगलें असतें आणि पोहऱ्यांत येईतों नासतें.

तें कसें नासतें पहा. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतें. तास-दीड तास सुटतें आणि बंद होतें. पाणी जोरानें चालूं असतांना पाइपाला भोंक असेल तर पाणी बाहेर उडतें, घाण आंत येत नाहीं. पण पाणी बंद झालें कीं पाइप रिकामा होऊं लागतो, आंत ओढ बसते, आणि त्याच भोंकांतून बाहेरचें पाणी आंत शिरतें. बाहेर काय असतें? आपल्या गल्लींत पाइपाचे जोड गटारांतून गेले आहेत. तेथें काय असतें तें आम्हीं सांगायला नको. दुसऱ्या दिवशीं नळ सुटला कीं तीच घाण पहिल्या घागरींत येते. त्यांत आपल्यांतले कांहीं शहाणे नळाला मोटर लावतात. पाणी कमी दाबानें येतें, करणार काय, हें आम्हांस कळतें. पण त्या मोटरीनें ती ओढ दुपटीनें वाढते आणि गटाराचें पाणी आंत खेंचलें जातें. तें एकट्या मोटरवाल्याच्या घरीं जात नाहीं, सगळ्या गल्लीला पोंचतें. आणि सर्वांत अधिक पोंचतें कोठें? जेथें दाब सर्वांत कमी तेथें, म्हणजे लाइनीच्या शेवटाला. गांव कोणतेंहि घ्या, लाइनीचा शेवट कोणाच्या दारांत असतो हें आपण पाहतों. कुंभारआळी, भीमनगर, धनगरवस्ती. नमुना घेणारा माणूस मात्र टाकीखालीं उभा राहून बाटली भरतो, कारण तेथें त्याची फटफटी जाते.

ज्यानें जग पालथें पडावें असें ह्यांत कांहीं नाहीं, पण ज्यानें घर पालथें पडतें असें आहे. इचलकरंजी हें यंत्रमागांचें, मजुरांचें शहर. तेथें २०१२ सालीं नळाच्या पाण्यावाटे काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेच्या पाण्यांत मैला मिसळत होता. यंत्रमागावर रोजानें काम करणारा माणूस महिनाभर काविळीनें पडला म्हणजे त्या घराचें काय होतें, हें हिशेब मांडून दाखवायला नको.

त्याहून जवळची गोष्ट पुण्याची. शहर वाढत गेलें आणि २०२१ सालीं भोंवतालचीं २३ गांवें महापालिकेंत घेतलीं. त्यांत सिंहगडाच्या बाजूचीं नांदेड, किरकटवाडी हीं गांवें होतीं. म्हणजे आपल्यासारखींच, कालपर्यंत ग्रामपंचायत, आज शहर. त्या पट्ट्यांत नांदेडच्या विहिरीचें पाणी गाळणी-केंद्रांतून न जातां केवळ पावडर घालून दिलें जात होतें. २०२५ च्या जानेवारींत त्या बाजूस गुलियन-बारे नांवाच्या रोगाचे रुग्ण एकाएकीं वाढले. ह्या रोगांत पोटाचा विकार होऊन गेल्यावर शरीराची रक्षणशक्ति स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लुळे पडतात, कोणाकोणाचा श्वासहि यंत्रावर ठेवावा लागतो. रुग्ण दोनशेंच्या वर गेले, कांहीं दगावले. रुग्णांच्या शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणु संस्थेंत तपासले तेव्हां कांहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नांवाचा जंतु सांपडला. वॉकरटनच्या पाण्यांत ई. कोलायच्या जोडीला जो दुसरा जंतु होता तो हाच. पंचवीस वर्षें मध्यें गेलीं, एवढा समुद्र मध्यें आहे, आणि जंतु एकच! हा जंतु क्लोरीनला फार भितो. थोडी शिल्लक असली तरी टिकत नाहीं.

येथें आम्ही किंचित् आडवळणाला जातों, पण विषय पाण्याचाच आहे. ह्या देशांत पाण्याच्या शुद्धतेची काळजी कमी वाहिली गेली असें कोणी म्हणूं नये. फारच वाहिली गेली, पण भलत्या ठिकाणीं. पाण्याला माणसाचा स्पर्श झाला कीं तें विटाळलें असें मानणारे लोक होते. १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला तेव्हां आकांत झाला. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी पाणी प्याले; त्यानंतर तें तळें 'शुद्ध' करण्यासाठीं शेण, गोमूत्र, दूध, दहीं मिसळलेल्या घागरी त्यांत ओतण्यांत आल्या. जें शेण पाण्यांत उतरल्यामुळें वॉकरटनला सात माणसें दगावलीं, तेंच इकडे पाणी शुद्ध करण्याचें औषध! माणसाच्या ओंजळीनें पाणी बाटत नाहीं, गटाराच्या जोडानें बाटतें. आणि तें मंत्रानें कळत नाहीं, थेंबभर औषधानें कळतें.

तो थेंब आम्हीं आज बरोबर आणला आहे. ही लहान कुपी पाहा. ह्यांत ऑर्थोटोलिडिनचें द्रावण आहे, ह्याला ओ. टी. टेस्ट म्हणतात. ह्या नळींत खुणेपर्यंत पाणी घ्यायचें, कुपींतले चार-पांच थेंब, जसें वर लिहिलें असेल तसे, टाकायचे आणि रंग लगेच पाहायचा. पिंवळा झाला तर शिल्लक आहे. किती, तें शेजारच्या रंगपट्टीशीं ताडून पाहायचें. पाण्यासारखें पाणीच राहिलें तर शिल्लक शून्य. बस्स, एवढीच विद्या. पानांत चुना किती झाला तें रंगावरून ओळखणाऱ्याला ही अवघड नाहीं. तपासलेलें पाणी ओतून टाकावें, पिऊं नये, गुरांना पाजूं नये, आणि द्रावण हाताला लागलें तर धुवावें. ही परीक्षा नळापाशीं उभें राहूनच करायची. घागरींत भरून घरीं नेलें आणि संध्याकाळीं पाहिलें तर क्लोरीन उडून गेलेलें असतें आणि आपण उगाच खात्याला दोष देऊं.

दुसरी ही बाटली, हिच्या तळाशीं औषध लावलेलें आहे. खुणेपर्यंत पाणी भरून, झांकण घट्ट लावून, ऊबेच्या जागीं एक ते दोन दिवस ठेवायची. पाणी काळें पडलें तर त्यांत विष्ठेचा संसर्ग असल्याचा संशय धरायचा आणि नमुना प्रयोगशाळेंत पाठवायचा. त्यासाठीं बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी. घरची धुतलेली बाटली चालत नाहीं, कारण आपल्या दृष्टीनें धुतलेली ती जंतूंच्या दृष्टीनें भरलेली असते. बाटलीच्या तोंडाला बोट लावूं नये, आणि भरल्यावर थंड ठेवून त्याच दिवशीं पोंचती करावी. शेजारच्या खेड्यांतून जीं पाहुणेमंडळी आज आली आहेत त्यांस सांगतों : २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनांत प्रत्येक गांवीं पांच स्त्रियांना असा तपासणी-संच वापरण्याचें शिक्षण द्यावें अशी योजना आहे. तुमच्या गांवच्या त्या पांच कोण, आणि संचाची पेटी कोणाच्या माळ्यावर आहे, एवढें ग्रामसभेंत विचारा.

एक फसवणूक मात्र ओळखून ठेवा. दारोदार पाण्याचीं यंत्रें विकणारे येतात. पेनासारखें कांहीं पाण्यांत बुडवून म्हणतात, पहा ताई, आंकडा केवढा आला, हें पाणी नव्हे, विष आहे. तें पेन पाण्यांत विरघळलेले क्षार मोजतें; जंतु त्याला दिसत नाहींत. क्षार कमी असलेल्या पाण्यांतहि पटकीचे जंतु सुखानें नांदतात. दुसरे कोणी दोन लोखंडी कांड्या पाण्यांत घालून वीज सोडतात. पाणी चहासारखें तांबडें होतें आणि बायका घाबरतात. तो तांबडा गाळ पाण्यांतला नसून त्या लोखंडी कांड्यांचाच असतो. त्यांच्या यंत्रांतल्या पाण्यांत क्षार नसल्यानें वीज वाहत नाहीं, म्हणून तें स्वच्छ दिसतें. जत्रेंतला जादूगार निदान पैसे घेऊन जादूच दाखवितो.

आतां क्लोरीननें न जाणारे जे दोष, त्यांबद्दल दोन शब्द. शेतांत आपण युरिया ओततों आणि संडासांचे शोषखड्डे विहिरीजवळ घेतों, त्यामुळें पाण्यांत नायट्रेट वाढतें. त्याची मर्यादा लिटरांत ४५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला चटकन् बाधा दिसत नाहीं. पण सहा महिन्यांच्या आंतल्या बाळाला वरचें दूध अशा पाण्यांत कालवून पाजलें तर त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते आणि बाळ निळें पडतें. हें पाणी उकळल्यानें सुधारत नाहीं. उलट आटून नायट्रेट अधिक दाट होतें. तसेंच फ्लोराइड. लिटरांत १ मिलिग्रॅमच्या आंत असावें, दुसरें पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. यवतमाळ, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत खोल कूपनलिकांच्या पाण्यांत तें अधिक सांपडतें. दांतांवर पिंवळे-काळे पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षें प्यालेल्यांचीं हाडें वांकतात. ह्या दोन्ही गोष्टी डोळ्याला, जिभेला, नाकाला कळत नाहींत, प्रयोगशाळेंतच कळतात. म्हणून जेथें नगरपालिका नदीच्या पाण्यांत बोअरचें पाणी मिसळून देते तेथें ह्या दोहोंचे दाखले मागावेत. आपल्याकडे उन्हाळ्यांत तसें मिसळतात, हें तुम्हांस माहीत आहे.

दाखले मागण्याची वाट मोकळी आहे. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें साध्या कागदावर अर्ज करून, दहा रुपये भरून, टाकीवरची वही आणि प्रयोगशाळेचे अहवाल समक्ष पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते दहा रुपयेहि लागत नाहींत. उत्तर तीस दिवसांत द्यावें लागतें. अर्जांत गोलमाल लिहूं नये. 'पाणी शुद्ध आहे काय' असें विचारलें कीं 'आहे' असें उत्तर येतें आणि प्रकरण मिटतें. विचारावें असें : गेल्या सहा महिन्यांत कोणत्या तारखेस, कोणत्या घराच्या नळावर, किती वाजतां, शिल्लक क्लोरीन किती आढळलें, आणि जेथें शून्य आढळलें तेथें त्याच दिवशीं काय केलें. शेवटचा प्रश्न सोडूं नये. दोष कधींच सांपडला नाहीं असें सांगणारी वही दोष सांपडल्याचें सांगणाऱ्या वहीपेक्षां अधिक भीतिदायक असते.

आणि अर्ज हातीं पडेतों, नळावर शिल्लक शून्य दिसली तर त्या दिवसाचें पिण्याचें पाणी खळखळ उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर चुलीवर ठेवावें. सरपणाला, गॅसला पैसे पडतात हें आम्ही जाणतों. म्हणूनच तर हें काम ज्यांनीं पाणीपट्टी घेतली त्यांच्या टाकीवर व्हायला हवें, प्रत्येकीच्या चुलीवर नव्हे.

वॉटरमनबद्दल बोलून थांबतों. तो आपल्यांतलाच पोरगा आहे. कंत्राटावर आहे, पगार वेळेवर होत नाहीं, पावडर मोजायला त्याला तराजू दिलेला नाहीं, तो ओंजळीनें टाकतो. त्याला धारेवर धरायला आम्ही ही सभा भरविली नाहीं. तो आज येथें आला आहे, आणि ओ. टी.ची दुसरी कुपी आम्हीं त्यालाच देणार आहों. त्याची वही आणि आपली वही महिन्याच्या शेवटीं ह्याच चावडीवर शेजारीं शेजारीं ठेवूं. आंकडे जुळले तर त्याच्या पगाराचा आणि तराजूचा अर्ज आपण सगळ्यांच्या सह्यांनीं करूं. न जुळले तर दोन्ही वह्या घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊं.

सोमवारीं पहांटे साडेपांचला पाणी सुटतें. सातवीचीं मुलें आळीपाळीनें वही धरतील, पण एवढ्या पहांटे त्यांच्यासोबत घरचें कोणी मोठें माणूस पाहिजे. टाकीखालचा नळ आम्ही पाहूं. तेथें फार कांहीं निघायचें नाहीं. भीमनगरचा शेवटचा नळ तिथल्या महिला बचत गटानें घेतला आहे. धनगरवस्तीचाहि झाला. कुंभारआळीच्या टोकाला जो नळ आहे, गटाराला लागून, तेवढा राहिला आहे. तो कोण घेतें? हात वर करा.